पिकअपचं खाली वजन

गाडीचं वजन किती, असं मला कोणी विचारलं तर मी उत्तर देत नाही. मी आधी विचारतो, कोण कोण उतरलं? लोकांना वाटतं म्हातारा चळला. मागं माझ्या जावयानं माल वाहायची नवी गाडी घेतली आणि कागद पुढं करून मला म्हणाला, "मामाजी, वजन इथं छापलंय ना." छापलंय! छापायला काय जातं? उमरेड रोडच्या धरमकाट्यावर मी अकरा वर्षं पर्च्या लिहिल्या. छापलेल्या वजनावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला मी मुलगी दिली, याचं त्या दिवशी मला खरोखर वाईट वाटलं.

हे वळण मला काळबांडेजींनी लावलं. गणपतराव काळबांडे. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. धरमकाटा म्हणजे मोठ्या गाड्या तोलायचा काटा. जमिनीत खड्डा, खड्ड्यावर लोखंडी पाटा, पाट्यावर अख्खी गाडी चढायची. बाजूच्या खोलीत लांब पितळी दांडी आणि दांडीवर सरकणारं वजन. दांडी स्थिरावली की आकडा वाचायचा. आकडे पाच-पाच किलोंनी वाढायचे, मधलं काही तो काटा मानत नसे. मालक इतवारीत राहायचे आणि दसऱ्याला काट्याला हार घालायला यायचे. बाकी वर्षभर काटा म्हणजे काळबांडेजी. मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, मॅट्रिक पास होतो, आणि आपल्याला बरंच कळतं असा माझा समज होता. मला सगळे बाबू म्हणत.

दिसायला काळबांडेजी कोणीही नव्हते. खाकी सदरा, पांढरा पायजमा, टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आवाज बारीक. बायकोशी बोलतानासुद्धा ते इतकं हळू बोलत की काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "काय म्हणता? म्हणा ना नीट!" पण एक शब्द मात्र ते असा काही उच्चारायचे की नाक्यावरचा पानवाला मान वर करून बघायचा. तो शब्द म्हणजे "उतरा".

गाडी पाट्यावर चढली की "उतरा". ड्रायव्हर उतरला, क्लीनर उतरला, मागं बोऱ्यांवर झोपलेला कोणी असला तर तोही डोळे चोळत उतरला. तेवढ्यानं भागायचं नाही. मग जेवणाचा डबा उतरायचा, पाण्याची सुराही उतरायची, सीटखालच्या जास्तीच्या चपला, ओला पंचा, सासुरवाडीहून आणलेलं कोहळं, सगळं काट्याच्या ओट्यावर रांगेनं मांडलं जायचं. चाकांना चिखल असला तर तो लोखंडी पट्टीनं खरवडायला लावायचे. एकदा एक ड्रायव्हर चिडला. म्हणाला, "अन् हा देवाचा फोटो? यालेही उतरवू का?" काळबांडेजींनी चष्मा वर सरकवून नीट विचार केला. मग म्हणाले, "देव राहू दे. देव कायमचा हाये गाडीत. तू नाही."

मोठा माणूस, लहान माणूस असा भेद त्यांच्याजवळ नव्हता. एकदा कुठल्याशा खात्याचे एक साहेब जीप तोलायला आले. उन्हाळा होता, साहेब जीपमध्ये बसून राहिले. काळबांडेजी म्हणाले, "उतरा." साहेब म्हणाले, "कशाला? तोला ना तशीच." शिपाई धावत आला, कानात म्हणाला, मोठे साहेब आहेत, जाऊ द्या. काळबांडेजी खोलीत आले, दांडी पाहिली आणि मला पर्ची लिहायला सांगितली. गाडीच्या नंबरापुढं माझ्या हातून लिहवून घेतलं, "साहेबांसह". शिपाई ती पर्ची घेऊन गेला. पाच मिनिटांनी साहेब स्वतः खिडकीशी आले, चांगले उतरून आले, आणि म्हणाले, "दुसरी द्या." त्या दिवसापासून ओट्यावर साहेब लोकांसाठी एक खुर्ची ठेवलेली असे.

आणि एक नियम. काट्यावर माणूस तोलायचा नाही. हमाल लोक थट्टेनं पाट्यावर उभे राहत, बाबू, पाह्य ना गा किती भरलो! काळबांडेजी खोलीतून असे बाहेर येत की जणू कोणाच्या घरी आग लागली आहे. एकदा नंदनवनच्या आखाड्यातला एक पहिलवान आला. चांगला देवासारखा माणूस, हात जोडून विनंती केली, कुस्तीसाठी वजन पाहिजे. काळबांडेजींनी त्याला बसवलं, चहा पाजला, घरची चौकशी केली, आणि विचारलं, "तू माल हायेस का?" पहिलवान म्हणाला, नाही. "मग जा." माणूस तोलला की त्याचं आयुष्य घटतं, असं त्यांच्या आईनं त्यांना सांगितलेलं होतं, आणि आईचं सांगणं ते कोणत्याच काट्यावर ठेवत नसत. दवाखान्यात कंपाउंडरनं वजनाच्या यंत्रावर उभं राहा म्हटलं तेव्हा ते औषध न घेता घरी आले. ताप आठ दिवस राहिला. आठही दिवस कामावर होते.

मला शिकवताना त्यांनी एकच धडा दिला. दांडी वाचताना बाहेर पाहायचं नाही. बाहेर ड्रायव्हर असतो, शेठ असतो, कोणी डोळा मारतो, कोणी हात जोडतो. "तू त्याईच्या तोंडाकडे पाह्यलं का आकडा हालते," ते म्हणत. "दांडी पाह्य. बाकी दुनिया गेली खड्ड्यात." मी अकरा वर्षं दांडी पाहिली. एवढा आज्ञाधारक मी घरीसुद्धा कधी नव्हतो.

आता पिकअपचं सांगतो. इतवारीत एक मिरचीचे व्यापारी होते. त्यांचं नाव घेत नाही, भला माणूस होता, आपण शेठजी म्हणू. त्यांनी कामठीच्या मिलिटरीच्या लिलावातून एक पिकअप उचलली. पिकअप म्हणजे काय, रणगाड्याची धाकटी बहीण. जाड पत्रा, माणसाच्या छातीला लागतील अशी चाकं. भिवापूरहून मिरची आणायला घेतली होती. आता हिचं खाली वजन किती, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन किती, हा प्रश्न पडला. गाडीवर एक पितळी पट्टी होती, तिच्यावर आकडा होता तो पौंडात. लिलावाच्या कागदावर दुसराच आकडा होता. पौंडाचे किलो करायला शेठजींच्या मुनीमजींनी तीन वेळा गणित केलं आणि तीन उत्तरं आली. मिस्त्रीनं चाकाला लाथ मारून सांगितलं, तीन टनाच्या खाली असली तर मिशी उतरवीन. शेठजी म्हणाले, वाद कशाला, काळबांडेजींकडे चला.

नवी गाडी पहिल्यांदा काट्यावर आली की काळबांडेजी तिची पूजा करत. नवी म्हणजे मालकाला नवी, मग ती मिलिटरीनं वीस वर्षं झिजवलेली का असेना. हा त्यांचा स्वतःचा रिवाज होता आणि त्याला लोकांत मान होता. गाडी पाट्यावर घ्यायची, सगळ्यांनी उतरायचं, मग काळबांडेजी चपला काढून पुढं जायचे, बॉनेटवर हळदकुंकू लावायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे, नारळ फोडायचे, आणि गाडीसमोर हात जोडून, डोळे मिटून उभे राहायचे. तेवढ्यात खिडकीतून मला हुकूम व्हायचा, "बाबू, पाहून घे." मी दांडी पाहून घ्यायचो. पहिलं वजन देवाच्या साक्षीनं झालं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

पिकअपचं वजन भरलं दोन हजार चारशे ऐंशी. मिस्त्रीची मिशी गेली असं सगळे म्हणाले, ती काही त्यानं उतरवली नाही. पेंटर बोलावून शेठजींनी दारावर मोठ्या अक्षरात आकडा लिहून घेतला आणि खाली बारीक अक्षरात "काळबांडेजी काटा". इतवारीतून रिकामी गाडी दरवेळी परत काट्यावर कोण आणणार? भरलेली गाडी तोलायची, त्यातून दारावरचं वजन वजा करायचं, उरली ती मिरची. सोपं काम.

पिकअपवर ड्रायव्हर होता वामन. कामठीचा, चाळिशीतला, पंधरा वर्षं शेठजींकडे. शांत माणूस. पाट्यावर चढला की काळबांडेजींनी "उतरा" म्हणायच्या आत उतरलेला असायचा, हातात डबा, खांद्यावर पंचा. काळबांडेजींच्या तोंडून कोणाची स्तुती मी एकदाच ऐकली आहे, ती वामनची. "हा माणूस आपलं वजन आपल्यापाशी ठेवते," ते म्हणाले.

आणि नेमकी त्याच वामनच्या गाडीत मिरची कमी भरू लागली. भिवापूरला एकेक बोरा तोलून बेरीज चिठ्ठीवर यायची. आमच्या काट्यावर माल भरायचा सत्तर किलोंनी कमी. पहिल्यांदा शेठजी म्हणाले, उन्हानं सुकली असेल. दुसऱ्यांदा म्हणाले, भिवापूरचा काटा जुना आहे. तो काटा तपासून घेतला, तो बरोबर निघाला. आठ-दहा खेपा झाल्या तेव्हा शेठजींनी काही म्हणायचं सोडून दिलं, आणि एक दिवस ते वामनसोबत गाडीत बसूनच काट्यावर आले.

सत्तर कमी.

शेठजी खिडकीशी आले. वामन मागं उभा. हमाल, दोन-तीन ड्रायव्हर, पानवाला, सगळे ऐकत होते. शेठजी म्हणाले, "काळबांडेजी, मले एवढंच सांगा. गाडीचं खाली वजन बरोबर हाये ना?"

काळबांडेजींनी दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "ते माझ्या हातचं वजन हाये."

झालं. एवढं एकच वाक्य. शेठजी वळले आणि वामनला म्हणाले, "पंधरा वर्षं झाले तुले. काहून असं केलं?"

वामनचं उत्तर मी अजून विसरलो नाही. तो म्हणाला, "काळबांडेजी म्हणतात तं गाडीचं बरोबरच असन. पण मी नाही घेतली, शेठजी."

"मग कोणी घेतली?"

"ते मले नाही सांगता येत. मी वाटेत कुठं थांबतही नाही."

त्यानं गाडीची किल्ली आमच्या खिडकीत ठेवली, ओट्यावरचा डबा उचलला आणि नाक्याकडे चालत गेला. मागून कोणीतरी मिरचीचोर म्हणालं. फार मोठ्यानं नाही, पण ऐकू जाईल इतकं. काळबांडेजी दांडी पुसत होते. मला वाटलं होतं ते काही बोलतील. ते म्हणाले, "पुढची गाडी घे." मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता, हे आज कबूल करतो. पण वामनच चोर आहे हे मीही मनातून मानलं होतं, तेही कबूल करतो. काटा खोटा असेल असं तर आमच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही आलं नाही.

त्यानंतर पिकअप दीड महिना मिस्त्रीकडे पडून होती, गिअरबॉक्स उघडून. मग नवा ड्रायव्हर मिळाला आणि गाडी भिवापूरला जाऊन आली. शेठजींनी धाक म्हणून स्वतःच्या पुतण्याला सोबत बसवलं होतं. माल मुद्दाम अर्धाच आणला होता. गाडी काट्यावर आली, दोघं उतरले, मी आकडा वाचला, वजाबाकी केली, आणि पेन्सिल खाली ठेवली.

"किती?" काळबांडेजींनी विचारलं.

"सत्तर कमी."

 गाडी गेल्यावर त्यांनी खिळ्याला तारेत ओवून ठेवलेल्या जुन्या पर्च्या काढल्या, पिकअपच्या तेवढ्या वेगळ्या केल्या आणि ओट्यावर एकाखाली एक मांडल्या. उन्हात उकिडवं बसून वाचत राहिले. सत्तर. सत्तर. पासष्ट. सत्तर. पंच्याहत्तर. सत्तर. मग मला हाक मारली.

"बाबू, हे पाह्य. गाडी पुरी भरली तं सत्तर कमी. अर्धी भरली तं सत्तर कमी. चोर बदलला तरी सत्तर कमी. असा कोणता चोर असते गा?"

मी म्हटलं, "तोलून चोरणारा."

"तोलून चोरते," ते म्हणाले, "तं काटा लागते त्याले." आणि पर्च्या गोळा करायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी निरोप पाठवून पिकअप रिकामी मागवली. पाट्यावर घेतली. उतरा. डबा, सुराही, चपला. पेट्रोलच्या टाकीत काडी घालून पाहिलं. मी आकडा वाचला. दोन हजार चारशे दहा. दारावर दोन हजार चारशे ऐंशी. ड्रायव्हरला विचारलं, गाडीतून काय काढलं? तो म्हणाला, काढलं काही नाही, उलट मिस्त्रीनं पुढं लोखंडी पट्टी ठोकून दिली. मी म्हटलं, मिलिटरीची गाडी आहे, झिजली असेल. काळबांडेजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा गाड्यांच्या झिजण्याबद्दल आयुष्यात बोललो नाही.

पिकअप खाली उतरवली. पाटा रिकामा झाला. काळबांडेजी पाट्याच्या कडेशी आले. मग त्यांनी विचारलं, "बाबू, पूजेच्या दिवशी मी कुठं उभा होतो?"

"गाडीसमोर."

"गाडीसमोर म्हणजे कुठं?"

मी म्हटलं, "मी दांडी पाहत होतो."

ते "हो" म्हणाले. माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चपला काढल्या, ओट्याच्या कडेला नीट जोडून ठेवल्या, पाट्यावर चढले, आणि जिथं गाडीचं तोंड येतं तिथं जाऊन उभे राहिले. हात जोडले, डोळे मिटले. पन्नाशी उलटलेला माणूस, रिकाम्या लोखंडासमोर. त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होते की आईचं, मला माहीत नाही. खिडकीकडे न वळता म्हणाले, "पाहून घे."

मी वजन सरकवलं.  दांडी दोनदा हलली आणि थांबली.

"सत्तर," मी म्हटलं.

ते तसेच उभे राहिले. खरं सांगतो, मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही दाबून धरताना मला शिंक आली. मग त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "पर्ची बनव." मी विचारलं, गाडीचा नंबर काय लिहू? ते म्हणाले, "काळबांडे लिही."

मग त्यांच्या लक्षात एकेक येत गेलं. पूजा काही एकट्या पिकअपची झाली नव्हती. अठरा वर्षांत त्यांनी तेवीस गाड्यांची पूजा केली होती, म्हणजे नागपूर जिल्ह्यात तेवीस गाड्या रोज काळबांडेजींना घेऊन फिरत होत्या. भंडाऱ्याला जात होत्या, वर्ध्याला जात होत्या, एक तर जबलपूरला गेली होती. बाकीच्यांनी दारावरच्या आकड्यावर काम चालवलं नव्हतं, दरवेळी रिकामी गाडी तोलून घेतली, म्हणून निभावलं. तरी पुढं त्यांनी प्रत्येक मालकाकडे सायकलनं जाऊन सांगितलं. पण तो नंतरचा भाग. त्या सकाळी त्यांनी फक्त टोपी नीट केली आणि मला म्हणाले, "चाल. आधी इतवारी."

शेठजींच्या गोदामात हमाल मिरचीचे बोरे रचत होते. सगळे खोकत होते, आम्हीही खोकायला लागलो. काळबांडेजींनी शेठजींपुढं पर्ची ठेवली आणि सगळं सांगितलं. शेठजींना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते घाईघाईनं म्हणाले, "जाऊ द्या ना, काळबांडेजी. माणसाच्या हातून होते. वामनले मी परत ठेवतो, निरोप धाडतो. तुम्ही कायले मनाले लावून घेता? हे आपल्यातच राहू द्या."

काळबांडेजी म्हणाले, "चोर तुम्ही त्याले आपल्यात म्हटलं नव्हतं."

आणि ते गोदामाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. बारीक आवाजाचा माणूस. पण त्या दिवशी त्यांनी "उतरा"चा आवाज काढला. म्हणाले, "ऐका. वामननं मिरची घेतली नव्हती. गाडी तोलली तवा मी पाट्यावर उभा होतो. सत्तर किलो मी हाये." हमालांनी बोरे खाली ठेवले. कोणीतरी मागून विचारलं, "म्हणजे काळबांडेजी, तुम्ही नाही उतरले?" "नाही उतरलो," ते म्हणाले. कोणी हसलं नाही. मिरचीचा खकाणा नाकात गेला की तसंही हसता येत नाही.

तिथून आम्ही कामठीची बस धरली. मी म्हटलं, निरोप गेला आहे, आपण कशाला?  बसभर ते ओठ हलवत होते. काय बोलायचं ते पाठ करत होते, मधेच चुकत होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

पुढचं आधीच सांगून टाकतो. वामन पिकअपवर परत आला आणि गाडी भंगारात जाईपर्यंत तीच चालवली. काळबांडेजी आणखी नऊ वर्षं काट्यावर होते, पूजा करत राहिले, फक्त नारळ फोडून झाला की खाली उतरून ओट्यावर हात जोडायचे. रिटायर झाले, नातवंडं झाली, गेले. मी अंत्ययात्रेला होतो. पण काळबांडेजी म्हटलं की मला ते कधीच काट्यावरचे आठवत नाहीत. मला ते वामनच्या घरातले आठवतात.

दोन खोल्यांचं घर. वामन एका लूमवर सुताचे गठ्ठे वाहायला जात होता, दुपारच्या सुट्टीत जेवायला आलेला. आम्हाला दारात पाहून तो उभा राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. आता आणखी काय निघालं, अशी. त्याची बायको यमुनाबाई चुलीपाशी होती. तिनं डोक्यावरचा पदर ओढला आणि तव्यावरची भाकर उलटायची थांबली.

काळबांडेजींनी पाठ केलेलं सगळं विसरून भलतीकडूनच सुरुवात केली. गाडी, पूजा, पाटा, दांडी, सत्तर. पर्ची काढून दाखवली. वामननं ती वाचली. दोनदा वाचली. मग भिंतीला टेकून खाली बसला.

"मले वाटे," तो म्हणाला, "कोणी तरी माझ्याच गाडीतून नेऊन राह्यलं अन् मले दिसून नाही राह्यलं. मी रात्रंदिवस एकच इचार करो, कोणत्या वळणावर नेत असन."

यमुनाबाईनं विचारलं, "सत्तर किलो म्हणजे किती बोरे, भाऊ?"

"पावणेदोन," काळबांडेजी म्हणाले.

"मी याईले रोज विचारलं," ती म्हणाली. आमच्याकडे नाही, चुलीकडे पाहून. "घेतली असन तं मले तरी सांगा म्हणून. कोणाले नाही सांगणार म्हटलं. दीड महिना रोज विचारलं, अन् हे रोज नाही म्हणत. ज्या दिवशी पहिल्यांदा विचारलं न मी, त्या दिवसापासून याईनं घरात मिरची तोंडाले नाही लावली. फिकं वरण अन् भाकर. मी वाढो तं ताट सरकवून देत."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. काळबांडेजी मात्र तिच्याकडेच पाहत होते. 

यमुनाबाई उठली. फळीवरचा डबा काढला, ताटलीत लाल तिखट घातलं, त्यावर तेल ओतलं, गरम भाकर ठेवली आणि ताट वामनपुढं आणून ठेवलं. हात मात्र तिनं ताटाचा सोडला नाही. "जेवा," ती म्हणाली. वामननं तिच्याकडे पाहिलं, भाकरीचा तुकडा मोडला, तिखटात चांगला बुडवला आणि तोंडात घातला. तेव्हा तिनं ताट सोडलं.

काळबांडेजी हात जोडून त्याच्यासमोर उभे राहिले. "वामन, मले माफ कर गा. मी पाट्यावर—"

वामनला जोरात ठसका लागला. दीड महिन्याची सवय मोडलेली. तोंड लालबुंद, डोळ्यांतून धारा. काळबांडेजी थांबले, ठसका ओसरायची वाट पाहिली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाले, "वामन, मले माफ कर. मी पाट्यावर उभा होतो, अन् तुले—"

वामननं एक हात वर केला, दुसऱ्या हातानं छाती धरली. "माफीचं नंतर पाहू, काळबांडेजी," तो कसाबसा म्हणाला. "पाणी द्या ना आधी!"

काळबांडेजी धावले. माठातून पेला भरला, अर्धा वाटेत सांडला, आणि वामनपाशी खाली बसून उरलेलं पाणी आपल्या हातानं त्याच्या तोंडाला लावलं. वामन प्यायला. यमुनाबाईनं त्याच्या ताटात आणखी थोडं तिखट वाढलं.